जू

बैलांच्या मानेवर आडवं टाकतात ते लाकूड म्हणजे जू. दोन्ही अंगांना भोकं, त्या भोकांत उभ्या बसवलेल्या शिवळा, शिवळांना अडकवून बैलांच्या गळ्याखालून घेतलेली जोती, आणि मधोमध गाडीची दांडी किंवा नांगराचं हाळीस आवळायची जागा. बैलाच्या वशिंडापुढे, जिथे हे लाकूड टेकतं, तिथे वर्षानुवर्षं ओढून ओढून घट्टा पडतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि तूप चोळतात ते याच जागी.

या लेखात मात्र लाकडापेक्षा त्याच्या नावाचा माग काढायचा आहे. ‘जू’ हा शब्द कोणी पोथीतून उचलून मराठीत ठेवलेला नाही. गोठ्यात, बांधावर, बापाने मुलाला हाक मारून सांगितलं, ‘जू आण’, आणि मुलाने पुढे आपल्या मुलाला तेच सांगितलं. ही साखळी मागे मागे नेत राहिलं तर ती किमान पाच हजार वर्षं मागे जाते आणि मधे एकदाही तुटत नाही. तिच्यात संस्कृत हा वाटेतला एक मुक्काम आहे. मुक्काम मोठा आणि देखणा, पण वाट त्याच्याही मागून आलेली आहे.

आधी नातलगांची भेट घेऊ. बैलांच्या मानेवरच्या याच लाकडाला संस्कृतात युगम् म्हणतात, लॅटिनमध्ये इउगुम, जुन्या ग्रीकमध्ये झुगोन. इंग्रज शेतकरी त्याला योक म्हणतो, जर्मन योख म्हणतो, आणि सोळाशे वर्षांपूर्वी बायबलचा अनुवाद करणारे गॉथ लोक युक म्हणत. लिथुआनियन शब्द युंगास, रशियन ईगो, चेक य्हो, फारसी यूघ. आयर्लंडसमोरच्या वेल्सपासून कॉकेशसपलीकडच्या आर्मेनियापर्यंत आणि तिथून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत माणसांनी दोन जनावरं शेजारी उभी करून त्यांच्या मानेवर लाकूड टाकलं, आणि त्या लाकडाला जवळपास सारख्याच आवाजाने हाक मारली.

या सारखेपणाकडे विद्वानांचं लक्ष ठामपणे गेलं ते कोलकात्यात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी तिथल्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने घडलेलं असू शकत नाही. या तिघी एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल. ते विधान पुन्हा नीट वाचावं असं आहे. संस्कृतातून ग्रीक निघाली असं जोन्स म्हणत नाहीत. त्या बहिणी आहेत, आई वेगळी आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे अजूनही परदेशी शब्द संस्कृतासारखा दिसला की तो ‘आपल्याकडून गेला’ असं अभिमानाने सांगितलं जातं. मला तो अभिमान समजतो, पण त्यात खरा चमत्कार हातून निसटतो. खरा चमत्कार असा, की जी भाषा कधीच लिहिली गेली नाही, जिचं एक अक्षरही कुठल्या दगडावर नाही, तिचे शब्द आपण आज बऱ्याच खात्रीने उच्चारू शकतो.

जोन्स यांच्या भाषणानंतर तीस वर्षांनी, १८१६ मध्ये, फ्रांत्स बॉप या जर्मन अभ्यासकाने संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतल्या रूपांशी ताडून पाहणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तौलनिक भाषाशास्त्राला पाया मिळाला. त्याच्या शीर्षकात क्रियापद चालवण्यासाठीचा जो शब्द आहे तो ‘कॉन्जुगेशन’. त्याच्या पोटात लॅटिन इउगुम बसलेलं आहे: रूपं एकत्र जुंपणं. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्या मोठ्या पुस्तकाच्या पाटीवरच आपलं जू कोरलेलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. नुसतं सारखं दिसणं म्हणजे नातं नव्हे. हिंदीत ‘जुआ’ दोन आहेत. एक बैलांच्या मानेवरचा, दुसरा पत्त्यांचा. कानाला काडीचाही फरक नाही. पण पहिला आला युग या शब्दावरून आणि दुसरा द्यूत या शब्दावरून. आपला जुगारही द्यूतकाराचा वंशज. इंग्रजीतला योक आणि जोक हेही असेच परके, फक्त यमकात जमणारे. मग नातं ओळखायचं कशावरून? बदलाच्या शिस्तीवरून. पिढ्यान्‌पिढ्या भाषा बदलते तेव्हा एखादाच शब्द लहर आली म्हणून बदलत नाही. एका जागचा एक ध्वनी बदलला, की त्या जागेवरचा तोच ध्वनी शेकडो शब्दांत एकदम बदलतो.

याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतली अशी एक शिस्त मांडली. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंतले थोरले ते हेच. लॅटिनमध्ये जिथे ‘ग’ तिथे इंग्रजीत ‘क’. लॅटिन आगेर म्हणजे शेत, इंग्रजीत एकर. गेनुस म्हणजे कुळ, इंग्रजीत किन. गेनू म्हणजे गुडघा, आणि इंग्रजी ‘नी’च्या स्पेलिंगमध्ये आज मुका असलेला ‘क’ एके काळी खणखणीत उच्चारला जायचा. त्याच नियमाने इउगुम आणि योक. हे दोन शब्द एकमेकांसारखे दिसतात म्हणून नव्हे, तर ज्या प्रमाणात वेगळे दिसायला हवेत अगदी त्याच प्रमाणात वेगळे दिसतात म्हणून ते सख्खे.

मराठीची शिस्त बघा. प्राकृतात शब्दाच्या सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, यव जव झाले, यंत्राचं जातं झालं. दुसरी शिस्त अशी, की दोन स्वरांच्या मधे सापडलेला ‘ग’ हळूहळू विरघळला. महाराष्ट्री प्राकृत तर अशी व्यंजनं गाळण्यासाठी प्रसिद्धच आहे. नगरचं नयर झालं आणि पुढे नेर झालं. संगमनेर, पारनेर, जामनेर या नावांमध्ये तो ‘ग’ अजून हरवलेलाच आहे. हे दोन नियम आता युगवर लावा. ‘य’चा ‘ज’, मधला ‘ग’ गळाला: जुअ. उरलेले दोन स्वर एकमेकांत मिसळले: जू. गळ्याखालच्या जोताचंही तसंच. संस्कृतात ते योक्त्र. ‘य’चा ‘ज’, मधली व्यंजनांची गर्दी ‘त’वर येऊन थांबली, झालं जोत.

प्रत्येक शाखेची अशी शिस्त हाती आली की उलटा प्रवास करता येतो. ग्रीकमधला सुरुवातीचा ‘झ’ काही शब्दांत मूळच्या ‘य’वरून आलेला आहे, आपल्या यवाला ग्रीकमध्ये झेइआ म्हणतात. जर्मानिकमधला ‘क’ मूळचा ‘ग’. शेवटचे प्रत्यय तर एका रांगेत उभे राहतात: संस्कृत -अम्, लॅटिन -उम, ग्रीक -ओन. हे सगळे धागे मागे खेचत नेले तर ते एका ठिकाणी येऊन भेटतात: युगोम्. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी हा शब्द असा सिद्ध केला, आणि त्याच्या डोक्यावर एक तारा काढला. हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तो अनुमानाने बांधलेला आहे, असं तो तारा सांगतो. ही तारांकनाची पद्धत रूढ करणारे आउगुस्ट श्लायशर इतके भारावलेले होते की १८६८ मध्ये त्यांनी त्या न लिहिल्या गेलेल्या आदिभाषेत एक छोटी गोष्टच लिहून टाकली. लोकर नसलेली एक मेंढी घोड्यांना पाहते, त्यांतला एक जड गाडा ओढतो आहे, अशी ती सुरू होते. पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांनी ती वारंवार दुरुस्त करून लिहिली, कारण दर पिढीला ध्वनींचं गणित थोडं अधिक नेमकं कळत गेलं.

पण तारा म्हणजे शेवटी तर्क. कोणी म्हणेल, कागदावर जुळवलेलं कोडं आहे, खरं कशावरून? त्याचं उत्तर तुर्कस्तानातल्या मातीतून आलं.

अंकाराच्या पूर्वेला बोआझकॉय नावाच्या गावाजवळ १९०६ पासून हूगो विंकलर यांच्या देखरेखीखाली खोदकाम सुरू झालं आणि कीलाकार लिपीतल्या हजारो मातीच्या पाट्या वर आल्या. हे हित्ती साम्राज्याचं राजधानीचं शहर हत्तुशा होतं. लिपी वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक अभ्यासकाने ती उलगडली. त्यांना किल्ली सापडली ती भाकरी आणि पाण्याविषयीच्या एका साध्या वाक्यात. भाकरीचं चिन्ह ओळखीचं होतं, पुढच्या क्रियापदात ‘खाणे’ या अर्थाचा, आपल्या ‘अद्’ धातूशी जुळणारा धातू डोकावत होता, आणि त्यानंतर होता एक शब्द: वातर. पाणी. इंग्रजी वॉटर, जर्मन वासर यांचा हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा भाऊ. ज्या भाषेला जवळपास कोणीच नातलग समजत नव्हतं, ती या कुटुंबातली सर्वांत आधी लेखणीवर आलेली भाषा निघाली.

आणि त्या पाट्यांत जू सापडलं. हित्ती भाषेत त्याचं नाव युगान.

हे वाचलं की मला दर वेळी थांबावं लागतं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, गॉथिक यांची रूपं मांडून अभ्यासकांनी ‘युगोम्’ ठरवलं तेव्हा हित्ती भाषेचा कोणालाही पत्ता नव्हता. पाट्या जमिनीत गाडलेल्या होत्या. तो शब्द त्या अंधारात आधीच लिहून ठेवलेला होता, आणि बाहेर आला तो अपेक्षेप्रमाणेच ‘यु’ने सुरू होणारा, मधे कंठ्य व्यंजन असलेला, आणि शेवटी नाकातला आवाज असलेला. एवढंच नाही. नांगराच्या लांब दांड्याला संस्कृतात ईषा म्हणतात. हल आणि ईषा मिळून झालेलं हलीषा मराठीत हाळीस झालं. हित्ती भाषेत दांडी म्हणजे हिश्शा, हे ईषेचंच भावंड. गाडीला जनावर जुंपणे यासाठी हित्ती लोक जे क्रियापद वापरत त्याचं नातं बहुतेक अभ्यासक संस्कृत ‘धुर्’शी लावतात. धुर् म्हणजे जुवाचा खांद्यावर येणारा भाग. आपण एखाद्याला धुरंधर म्हणतो, धुरीण म्हणतो, कोणी पक्षाची धुरा सांभाळतो, तेव्हा मूळ अर्थाने आपण एका चांगल्या ओढकरी बैलाचंच कौतुक करत असतो. मला त्यात कमीपणा दिसत नाही. दिवसभर ओढत राहणाऱ्या बैलावर ज्यांचं पोट होतं, त्यांच्यापाशी याहून मोठी स्तुती नव्हती.

एक बारीक गोष्ट अजून सांगायची आहे, आणि या सगळ्या गोष्टीतली माझी सर्वांत लाडकी हीच. संस्कृत युगम् नपुंसकलिंगी आहे. लॅटिन इउगुम नपुंसकलिंगी. ग्रीक झुगोन नपुंसकलिंगी. गॉथिक युक, जर्मन योख, रशियन ईगो, चेक य्हो, हित्ती युगान, सगळे नपुंसकलिंगी. मूळ युगोम् नपुंसकलिंगी होतं हे त्यावरून उघड आहे. पुढे बऱ्याच भाषांनी हे तिसरं लिंग टाकून दिलं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिशमध्ये जू पुल्लिंगी झालं, हिंदीतही पुल्लिंगी झालं, इंग्रजीने तर नामांचा लिंगभेदच सोडला. मराठीने सोडला नाही. आपण, कोकणीने आणि गुजरातीने तिन्ही लिंगं जपली. म्हणून आजही बांधावरचा माणूस ‘तो जू’ म्हणत नाही, ‘ती जू’ म्हणत नाही, ‘ते जू’ म्हणतो. व्याकरण शिकून नव्हे; कानाला तेच बरोबर वाटतं म्हणून. शब्दातला ‘य’ गेला, ‘ग’ गेला, शेवटचा ‘म्’ गेला, एक अक्षर उरलं. पण त्याचं लिंग, जे दिसत नाही, ऐकू येत नाही, फक्त शेजारच्या शब्दांवर उमटतं, ते मात्र जसंच्या तसं पोहोचलं.

हे सगळं घडलं कधी आणि कुठे? वस्तू नसताना वस्तूचं नाव असू शकत नाही, या साध्या तर्काने भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ इथे एकत्र येतात. गाडीच्या अवयवांची नावंच बघा. चाक म्हणजे चक्र, ग्रीक कुक्लोस, इंग्रजी व्हील. आस म्हणजे अक्ष, लॅटिन आक्सिस, इंग्रजी ॲक्सल. चाकाचा तुंबा म्हणजे संस्कृत नाभी, इंग्रजी नेव्ह. वाहणे हे क्रियापद लॅटिन वेहेरे आणि इंग्रजी वॅगनच्या कुळातलं. म्हणजे आदिभाषा बोलणाऱ्यांना गाडी माहीत होती. पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथे सापडलेल्या, इ.स.पू. ३५००च्या सुमाराच्या मातीच्या भांड्यावर चार चाकांचं आणि पुढे दांडी काढलेलं एक चित्र कोरलेलं आहे; गाडीच्या जगातल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत २००२ मध्ये सुमारे पाच हजार दोनशे वर्षांपूर्वीचं लाकडी चाक त्याच्या आसासकट सापडलं. व्यास ७२ सेंटिमीटर, मधलं भोक चौकोनी. म्हणजे त्या गाडीत चाक आसावर फिरत नसे, चाकासोबत आसही फिरे.

हित्तींकडे चाकासाठी मात्र वेगळा शब्द आहे, हुर्की. जू सामाईक, दांडी सामाईक, चाक वेगळं. काही अभ्यासक यावरून म्हणतात की हित्तींचे पूर्वज मूळ टोळीपासून फुटले तेव्हा जू नांगराला किंवा घसरगाडीला बांधलं जात होतं, चाक अजून यायचं होतं. बाकीचे मागे राहिले, त्यांनी चाक पाहिलं, त्याला नाव दिलं, आणि मग तेही पांगले. ती मूळ माणसं काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशात राहत असावीत, हे मत आज सर्वाधिक अभ्यासक मानतात, आणि २०१५ पासून प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने त्याला बळ मिळालं. तुर्कस्तानच्या बाजूने मांडणी करणारेही आहेत, आणि तो वाद मिटलेला नाही.

जू असलेली एक अतिशय सुंदर जुनी वस्तू आपल्या महाराष्ट्रातली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद इथे १९७४ मध्ये ब्राँझच्या चार मूर्तींचा साठा सापडला: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथाची लांब दांडी, तिच्या टोकाला जू, जुवाखाली दोन बैल, आणि मागे उभा असलेला सडपातळ सारथी. त्या रथाचा काळ बहुतेक अभ्यासक उत्तर-हडप्पा म्हणजे इ.स.पू. २०००च्या आसपासचा धरतात. पण तो सारथी कोणती भाषा बोलत होता हे ब्राँझ सांगू शकत नाही. त्याच्या तोंडी युग होतं की द्रविड कुळातला एखादा शब्द की आज पूर्ण लोपलेला तिसराच, हे कोणालाही ठरवता येत नाही. जू ही वस्तू अनेक लोकांनी वापरली. आपण इथे ज्याचा माग काढतो आहोत तो त्यातला एक शब्द आहे.

हा शब्द पुढे जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याने निराळं काम अंगावर घेतलं. आधी तो मोजमाप झाला. बैल एकदा जुंपले की सोडेपर्यंत जेवढी वाट तुटते ते योजन. ग्रंथागणिक हे माप बदलतं, साधारण आठ ते तेरा किलोमीटर. रोमन शेतकऱ्याने तोच विचार जमिनीवर केला: एका बैलजोडीने एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन म्हणजे इउगेरुम, आपल्या हिशेबाने सुमारे पंचवीस गुंठे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी गाडीच्या अवयवांचीच मापं दिली आहेत: ईषा १८८ अंगुळं, अक्ष १०४, युग ८६. जू गाडीवरून काढून वेदीच्या जमिनीवर मोजपट्टीसारखं ठेवलं गेलं.

मग तो काळ झाला. जुवाखाली दोन उभे राहतात, म्हणून युग म्हणजे जोडी. त्यातूनच युगुल, जुगलबंदीतलं जुगल, आणि आपल्या घरातली जुळी मुलं. ऋग्वेदात युग म्हणजे माणसांची एक पिढी असाही अर्थ येतो. वेदांगज्योतिषात सूर्य आणि चंद्र यांच्या चालींचा मेळ बसवणारं पाच वर्षांचं युग आहे. पुढे पुराणांनी ते ताणत ताणत कलियुगाच्या ४,३२,००० वर्षांपर्यंत नेलं.

रोमकडे हा शब्द अपमानाचा झाला. इ.स.पू. ३२१ मध्ये दक्षिण इटलीतल्या कॉडिअम इथल्या खिंडीत सॅम्नाइट लोकांनी रोमन सैन्य कोंडलं. कत्तल केली नाही. दोन भाले उभे रोवले, तिसरा आडवा बांधला आणि निःशस्त्र रोमन सैनिकांना, सेनापतींसकट, एकेक करून त्याखालून वाकून जायला लावलं. त्या चौकटीला ते इउगुमच म्हणत. ‘जुवाखालून घालणे’ यावरूनच इंग्रजीत गुलाम करण्यासाठी ‘सब्जुगेट’ आला. रशियात मंगोल सत्तेच्या काळाला इतिहासाच्या पुस्तकांत ईगो म्हणतात. आपण पारतंत्र्याचं जू म्हणतो. त्याच लॅटिनमध्ये पती किंवा पत्नीला कोन्युंक्स म्हणतात, एका जुवाला जुंपलेला दुसरा. तिथे अपमान नाही, सोबत आहे. एकच लाकूड, वरून दाबलं तर गुलामी, शेजारून पाहिलं तर संसार.

आणि भारतात या शब्दाने जे केलं ते कुठेच झालं नाही. इथे जू मनावर चढलं. वेदांतलं युज् हे क्रियापद बऱ्याच ठिकाणी अगदी शब्दशः घोडे जुंपण्याचं आहे. कठोपनिषदात शरीर म्हणजे रथ, इंद्रियं म्हणजे घोडे, मन म्हणजे लगाम, बुद्धी म्हणजे सारथी. ज्याचं मन ‘युक्त’ आहे त्याचे घोडे ताब्यात राहतात. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात कृष्ण आणि अर्जुन ज्या रथात उभे आहेत तो पांढऱ्या घोड्यांनी ‘युक्त’ आहे, म्हणजे त्याला पांढरे घोडे जुंपलेले आहेत. पुढच्या अध्यायांत हाच शब्द, हेच रूप, स्थिर झालेल्या योग्यासाठी येतं. अर्थात, जाणकार वाचक इथे हटकतील आणि त्यांचं हटकणं योग्य आहे: पाणिनीय धातुपाठात जोडण्याचा युज् आणि समाधीचा युज् वेगवेगळे धरले आहेत, आणि योगसूत्रांच्या भाष्यकाराने योग म्हणजे समाधी असंच सांगितलं आहे. ती परंपरेची नेमकी वाटणी आहे आणि तत्त्वज्ञानासाठी महत्त्वाची आहे. पण शब्दांच्या इतिहासात ते दोन्ही एकाच मुळाचे फाटे ठरतात. आत्ता लिहिलेला ‘योग्य’ हा शब्दही तिथलाच: मूळ अर्थ जुंपण्यालायक, आणि जुन्या वैदिक भाषेत चक्क ओढकरी जनावर. त्याचंच घसरत आलेलं रूप आपण रोज क्रियापदांच्या शेपटीला लावतो: खाण्याजोगं, सांगण्याजोगं, बघण्याजोगं.

काही वेळा हे दुरावलेले नातलग एकमेकांना ओळखत नसताना शेजारी येऊन बसतात. दौंड जंक्शन, मनमाड जंक्शन. जंक्शन आला लॅटिन युंगेरेवरून, म्हणजे युज्‌वरूनच. बँकेच्या एकाच अर्जावर इंग्रजीत जॉइंट अकाउंट आणि मराठीत संयुक्त खातं लिहिलेलं असतं. जॉइंट आणि संयुक्त यांची शेवटची भेट झाली त्याला पाच हजार वर्षं झाली असतील. १९६० पर्यंत ज्या दोन शब्दांसाठी माणसांनी रस्त्यावर गोळ्या झेलल्या त्या संयुक्त महाराष्ट्रातला संयुक्तही तोच. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू थकलेल्यांना आपलं जू घ्यायला सांगतो. मूळ ग्रीक मजकुरात तिथे झुगोस आहे, मराठी बायबलमध्ये जू आहे. अनुवादकाने अर्थ लावला आणि हाती नेमका सख्खा भाऊ आला.

ग्रीक झुगोनने विज्ञानाची वाट धरली. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आले, अमावास्येला किंवा पौर्णिमेला, की खगोलशास्त्रज्ञ त्या स्थितीला सिझिजी म्हणतात: एका जुवाला लागलेले. समुद्राला मोठं उधाण येतं ते याच दिवसांच्या आसपास. तराजूच्या आडव्या दांडीलाही ग्रीक लोक झुगोस म्हणत, म्हणून आपली तूळ रास ग्रीकमध्ये आजही झुगोस. आणि नर-मादी पेशी एकत्र येऊन जी पहिली पेशी तयार होते, जिच्यापासून प्रत्येक माणूस, प्रत्येक बैल आणि ज्वारीचा प्रत्येक दाणा सुरू होतो, तिचं नाव झायगोट: जुंपलेली. मराठी शालेय पुस्तकांत त्याला युग्मनज म्हणतात. परिभाषा ठरवणाऱ्यांना जोडीसाठी शब्द हवा होता, त्यांनी संस्कृतातून युग्म घेतला. ग्रीक शब्दाचा अर्थ मराठीत आणायला ते निघाले आणि अर्थासोबत त्याच धातूवर येऊन पोहोचले.